कॅमेऱ्याकडे पाठ

किसनरावांनी पहिल्यांदा मरून दाखवलं ते अंजूच्या अंगणात, सकाळी नवाच्या सुमाराला. चहाची कपबशी त्यांनी बाजेखाली सरकवली, उठले, दोन पावलं चालले, आणि तिच्या डोळ्यांसमोर चार वर्षांपूर्वीची दुपार पुन्हा उभी राहिली. आधी डोळे बारीक झाले, भर उजेडात काही दिसत नसल्यासारखे. मग मनगटानं तोंड पुसलं, पुन्हा पुसलं, कारण लाळ थांबत नव्हती. मग डावा गुडघा असा वाकला की तो त्यांचा स्वतःचा नव्हताच. ते अंगणात आडवे झाले तेव्हा अंजूच्या हातातलं सूप सुटलं होतं आणि तुरीची डाळ तिच्या पायांवर सांडली होती.

"बा!" ती किंचाळली. घरातून तिचा बाप हरिसिंग धोतर सावरत धावत आला.

किसनराव उठून बसले. कोपराची माती झटकत त्यांनी विचारलं, "जमलं का बाई? का काही सुटलं?"

अंजू खाली बसून सांडलेली डाळ सुपात भरायला लागली. जमलं होतं. इतकं जमलं होतं की तिला त्यांच्याकडे बघवेना. आदल्या संध्याकाळी तिनं या माणसाला आपल्या भावाची, शामची, गोष्ट सांगितली होती. कपाशीवर औषध फवारता फवारता शाम कसा धुऱ्यावर, म्हणजे बांधावर आला, "अंधारून काहून आलं वं?" म्हणाला, तोंड पुसत राहिला आणि पडला. त्या भागात फवारणीच्या विषाला सगळे औषधच म्हणतात. शाम वाचला, पण नऊ दिवस यवतमाळच्या दवाखान्यात होता, आणि अजूनही कडक उन्हात त्याला नीट दिसत नाही. आता तो लोहाऱ्याला एका कारखान्याच्या गेटवर बसतो. घरी, बंजाऱ्यांच्या तांड्यावर येतो, पण वावरात पाय ठेवत नाही.

आणि हा अडुसष्ट वर्षांचा परका माणूस अंगणात शाम होऊन पडला होता. रंग वेगळा, अंगकाठी वेगळी, डोक्यावर पांढरे केस. तरी शामच.

"कायले असं करता, काका?" शेवटी ती म्हणाली. "सांगत तरी जा आधी."

"सांगून केलं असतं तर तू मले पाह्यलं असतं," किसनराव म्हणाले. "तू शामले पाह्यलं. मले थेच पाह्याचं होतं."

बोरी अरबच्या अलीकडे, तांड्याला लागून असलेल्या कपाशीच्या वावरात सिनेमाचं चित्रीकरण चाललं होतं. पुण्याचा दिग्दर्शक, अक्षय नावाचा, पस्तिशीचा, दिवसभर टोपी काढत आणि घालत राहणारा. फवारणी करताना विषबाधा झालेल्या मजुराची ही गोष्ट होती आणि तो मजूर होते किसनराव. ते मूळचे मुकुटबनचे. चाळीस वर्षं मुंबईत काढली, शंभरावर सिनेमे केले आणि एकाही पोस्टरवर चेहरा आला नाही. पोस्टमन, कारकून, नवरीचा बाप, कोर्टातला शिपाई. मुख्य भूमिका ही पहिलीच.

पहिल्या दिवशी गाडीतून ते उतरले तेव्हा तांड्यातल्या कुणीच त्यांना ओळखलं नाही. अंजूनं ओळखलं. तेही पाठमोरे असताना.

त्याला कारण होतं. हरिसिंग तरुणपणी दारव्ह्याच्या एका टॉकीजमध्ये मशीन चालवायचा. अंजूला लहानपणी तो केबिनमध्ये नेऊन स्टुलावर बसवायचा. तिथं भिंतीत वीतभर काच होती. काचेतून पडदा दिसायचा, पण मशीनच्या घरघरीत एक शब्द ऐकू यायचा नाही. अंजूनं पन्नासेक सिनेमे असे आवाजाविना पाहिले. गाणी कुणाची, संवाद कुणाचे, तिला माहीत नव्हतं. पण कोण खोटं रडतं आणि कुणाचं रडणं आधी मानेत येतं, हे तिला आठव्या वर्षीच कळायला लागलं. मागच्या रांगेत उभा राहून, नायकाकडे बघता बघता हळूच एक खांदा खाली सोडणारा तो बारीक माणूस तिला तेव्हापासून ठाऊक होता. पुढं मोबाइल आल्यावर तिनं त्याचे सगळे सिनेमे शोधून काढले आणि तेही आवाज बंद करून पाहिले.

"तुम्ही बँकेतले शिपाई," ती त्या दिवशी गाडीजवळ जाऊन म्हणाली होती. "साहेब मरते तवा तुम्ही त्याची खुर्ची पुसत राह्यता. मांगे. कोनाचं ध्यान नसते."

किसनराव गाडीचं दार धरून वळले. "मले लोकं तोंडानं ओळखत नाई," ते म्हणाले, "अन् तू खांद्यावरून ओळखलं?"

हे सगळं अपेक्षानं ऐकलं. अपेक्षा ही अक्षयची सहायक, अकोल्याची चटपटीत मुलगी. तिच्याकडे कामांचा डोंगर होता. मागच्या शॉटमध्ये बाही दुमडलेली होती की नव्हती, काठी कुठल्या हातात होती, घाम किती होता, हे सगळं पुढच्या शॉटमध्ये जुळावं लागतं. त्याला ते कंटिन्युइटी म्हणतात. अंजूला हे न लिहिताही आठवतं हे कळल्यावर अपेक्षानं तिच्या हातात एक पॅड आणि पेन दिलं. बी.ए. करून घरी शिलाई मशीनवर बसलेल्या अंजूला कुणीतरी पहिल्यांदाच तिच्या डोळ्यांचं काम दिलं होतं.

पण दुसऱ्याच दिवशी घोटाळा झाला. शॉट चालू असताना तिनं अपेक्षाच्या कानात सांगितलं की काकांच्या पायातली चप्पल बदलली आहे. अक्षयनं शॉट तोडला आणि सगळ्यांसमोर म्हणाला, "माझा शॉट चालू असताना कुणी श्वास जरी जोरात घेतला तरी मी त्याला घरी पाठवीन. चुका शॉटनंतर सांगायच्या. कळलं?" चप्पल खरंच बदललेली होती. पण अंजूच्या मनात त्या आवाजाची धास्ती बसली ती बसलीच.

किसनराव मात्र तिला जवळ बसवून घ्यायचे. जेवणाच्या सुट्टीत, लिंबाच्या सावलीत, आपलं काम उकलून दाखवायचे. पडताना अंगठा मुठीत घ्यायचा, नाहीतर मोडतो. त्यांचा दोनदा मोडला होता. पडण्याआधी श्वास आत घ्यायचा, म्हणजे जमीन छातीला लागत नाही. जमिनीवर खूण केलेली असते, पण खाली बघायचं नाही, पायांनीच पावलं मोजायची.

"अन् एक सांगतो," ते म्हणाले. "हिरोले कॅमेरा हुडकत येते. आपल्यासारख्याले आपूनच त्याले सापडा लागते. चाळीस वर्षं मी कोपऱ्यात उभा राह्यलो, पन कॅमेऱ्याकडे पाठ नाई केली. गर्दी असो, अंधार असो, अर्धा डोळा तरी त्याले दाखवलाच. आता झोपेत बी तसाच झोपतो, बायको हासते."

अंजू हसली आणि तिनं तेही पॅडवर लिहून घेतलं. पण रोज तालीम व्हायची आणि रोज तिला तिचा भाऊ पडताना पाहावा लागायचा. रात्री ती याडीच्या, म्हणजे आईच्या, अंगाला चिकटून झोपायची. आईनं दोनदा सांगितलं, नको जाऊ. पण तिला ते काम सोडवत नव्हतं. त्या माणसाच्या मानेतून, मनगटातून, पापण्यांतून काय काय निघतं ते इतकं जवळून, मधे काच नसताना, तिनं कधी पाहिलंच नव्हतं.

एक गोष्ट तिनं त्यांना सांगितली नव्हती. त्यांनी तीन-तीनदा विचारलं होतं, "अजून काही? बारीकसं बी चालते." ती "बस, इतकंच" म्हणाली होती. शामला धुऱ्यावरून उचलताना त्याची पोटरी तिच्या हातात होती. कातडीखाली मुंग्यांचं वारूळ फुटावं तशी ती पोटरी आतल्या आत वळवळत होती. शाम निपचित, आणि पोटरी जिवंत. हे तिनं आईलाही सांगितलं नव्हतं. बोललं की ते पुन्हा हातात येईल असं तिला वाटायचं.

पडण्याचा मुख्य शॉट ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात ठरला. कपाशी छातीपर्यंत आलेली. सकाळी दहालाच ऊन असं की पानं मान टाकत होती. किसनरावांनी पाठीवर पंप घेऊन ओळीतून फवारत यायचं, खुणेजवळ यायचं, थांबायचं आणि पडायचं.

पहिली अडचण सकाळीच आली. सिनेमाचा पंप, जो पंधरा दिवस वापरात होता, त्याचा पट्टा तुटला. सामानाचं खातं सांभाळणारा अतुल मोटरसायकल घेऊन गेला आणि अर्ध्या तासात शेजारच्या एका वावरातून दुसरा पंप घेऊन आला. तसाच, त्याच कंपनीचा, त्याच रंगाचा. फक्त पट्टे निळे होते.

अंजू धावत गेली. "अतुलभाऊ, आपल्या पंपाचे पट्टे काळे हायेत."

"माती चोळतो ना, दिसणार नाही."

"धुतला का हा?"

"अगं, पाणीच आहे त्यात. हे बघ, पांढरं." अतुलनं झाकण उघडून दाखवलं. आत तळाशी दुधट पाणी होतं. सिनेमाच्या पंपातही ते लोक दुधाची पावडर टाकायचे, फवारा कॅमेऱ्यात उठून दिसावा म्हणून. अतुलनं वरून बादलीभर पाणी ओतलं आणि झाकण लावलं.

वास आला. अंजूला तो औषधाचा वाटला आणि तिनं नाकावर ओढणी धरली. पण तिला तो वास चार वर्षं सगळीकडेच यायचा. कुणी लांबवर फवारत असलं तरी यायचा, कधी कधी नुसता रिकामा पंप पाहूनही. आपलंच डोकं फिरलंय असं तिनं स्वतःला बजावलं आणि पॅडवर लिहिलं: पट्टे निळे, माती लावलेली.

पहिला टेक बरा झाला. दुसऱ्यात ढग आला. तिसऱ्यात पंपाचं झाकण झिरपायला लागलं आणि किसनरावांचा सदरा पाठीवर चिकटला. अतुल झाकण आवळायला आला तर अक्षय म्हणाला, "राहू दे, राहू दे. ओला सदरा मस्त दिसतोय." चौथ्या टेकनंतर किसनराव धुऱ्यावर बसले. त्यांनी डोळे चोळले.

"काका, बरं वाटते न?"

"उन्हानं असन. डोकं जड झालं." त्यांनी तिच्याकडे बघून डोळे बारीक केले. "ढग आला का अजून?"

आभाळात एकही ढग नव्हता. अंजूनं पुन्हा एकदा वर पाहिलं. पण ते लगेच हसले, आणि तिला वाटलं, तालीमच करताहेत. शामचंच वाक्य घोळवताहेत. हा माणूस सुट्टीतही भूमिकेतून बाहेर येत नाही, हे तिला माहीत होतं.

तेवढ्यात अक्षय येऊन बसला. "सर, चारही चांगले झालेत. पण एक, फक्त एक, काहीतरी वेगळं द्या ना. जे आपण ठरवलेलंच नाही असं."

"देतो," किसनराव म्हणाले. आवाज घोगरा होता. ते उठताना अतुलनं पाठीवर पंप चढवला.

पाचवा टेक.

किसनराव ओळीतून येत होते. फवारा उन्हात पांढरा उडत होता. अंजू कॅमेऱ्याच्या डाव्या अंगाला, कपाशीच्या शेवटच्या झाडामागे पॅड धरून बसली होती. तिला मोजायची सवय लागली होती: खुणेपर्यंत बावीस पावलं. विसाव्या पावलाला त्यांनी खाली पाहिलं.

ते कधीच खाली पाहत नसत.

मग तोंड पुसलं. हनुवटीवरून धार लागली होती, दोऱ्यासारखी, छातीपर्यंत. खूण ओलांडून ते तीन पावलं पुढं गेले. मग वळले, उजवीकडे, उन्हाच्या विरुद्ध, कॅमेऱ्याच्या विरुद्ध. आणि कोसळले. कॅमेऱ्याला दिसली ती फक्त पाठ, पंप आणि ओला सदरा.

मॉनिटरजवळून अक्षयचा श्वास ऐकू आला. तो अपेक्षाला कुजबुजत होता, "पाठ दिली! काय डोकं आहे या माणसाचं. चालू ठेव. कुणी कट म्हणायचं नाही."

सगळं वावर गप्प झालं. वीसेक माणसं, पण पानाचाही आवाज नाही. अंजूनं पेन पॅडवर टेकवलं, पण लिहिलं नाही. काहीतरी वेगळं द्या, असं अक्षयच म्हणाला होता ना? आणि काका देतो म्हणाले होते. हेच असेल ते. चाळीस वर्षं पाठ न केलेला माणूस आज मुद्दाम पाठ करतो, यापेक्षा वेगळं काय असणार? आता ती उठली आणि हे नुसतं काम निघालं, तर त्यांच्या आयुष्यातला सगळ्यात चांगला शॉट तिनं वाया घालवलेला असेल. ते कधी बोलणार नाहीत तिच्याशी. अक्षय तर हाकलूनच देईल.

तिनं त्यांच्या हाताकडे पाहिलं. कपाशीच्या बुंध्याशी हात पालथा पडला होता. बोटं पसरलेली. अंगठा बाहेर, विचित्र वाकलेला.

आणि मग तिनं पाय पाहिला. पडताना धोतर गुडघ्याच्या वर गेलं होतं. पोटरी उघडी होती. किसनराव निपचित होते, आणि पोटरीच्या कातडीखाली वळवळत होतं. आतल्या आत. मुंग्यांचं वारूळ फुटल्यासारखं.

हे तिनं त्यांना सांगितलेलं नव्हतं. कुणालाच सांगितलेलं नव्हतं. आणि कितीही मोठा नट असला तरी हे कुणाला करता येत नाही.

अंजू उठली. तिनं पॅड टाकलं आणि सरळ कॅमेऱ्यासमोरून पळत गेली.

"ए! कोण आहे ती? बाहेर काढा तिला!" अक्षय ओरडला. "अंजू! शॉट चालू आहे!"

"शॉट नाई हा!" ती किंचाळली. तिचा आवाज तिलाच ओळखू आला नाही. "औषध हाये पंपात! खरं औषध हाये! पट्टे तोडा, पट्टे!"

तिनं त्यांना कुशीवर वळवलं. डोळ्यांतल्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्या होत्या. तोंडाला फेस होता. ओठ हलत होते. श्वास घरघरत होता, त्या केबिनमधल्या जुन्या मशीनसारखा. अतुल आला आणि पट्टा कापायला लागला. "मी पाणी समजलो," तो पुन्हा पुन्हा म्हणत होता. "पांढरं होतं, मी पाणी समजलो."

"थे मंग सांगा!" अंजू म्हणाली. "कपडे काढा. सगळे. पानी आना, साबन आना. हातात पिशव्या घाला, नुसत्या हातानं नका लावू!"

ती हे कसं बोलत होती तिला कळत नव्हतं. चार वर्षांपूर्वी दवाखान्यात नर्सबाई हे सगळं ओरडून सांगत होत्या आणि ती भिंतीला चिकटून नुसती ऐकत होती. आता तेच शब्द तिच्या तोंडून निघत होते. अपेक्षा बादल्या घेऊन आली. तांड्यातून बायका घागरी घेऊन धावल्या. किसनरावांची पाठ तिनं साबणानं धुतली, पुन्हा धुतली. म्हातारी, हाडं दिसणारी पाठ. तिला सारखं वाटत होतं, आता थांबेल. आता हे घरघरणं थांबेल.

अक्षय बाजूला उभा होता. टोपी हातात. चेहरा राखेसारखा. कॅमेरा अजून चालूच होता, कुणाला बंद करायचं सुचलं नव्हतं.

गाडीत मागच्या सीटवर अंजूनं त्यांचं डोकं मांडीवर घेतलं, तोंड एका बाजूला करून. बोरी अरब मागं पडलं. रस्त्यात दोन ठिकाणी ट्रॅक्टर आडवे आले आणि दोन्ही वेळेला ड्रायव्हरनं शिव्या घालत गाडी कडेच्या मुरमावरून काढली. किसनरावांचा श्वास कधी येई, कधी येत नसे. येत नसे तेव्हा अंजू मोजायची. एक, दोन, तीन, चार. सातपर्यंत गेली तेव्हा तिनं त्यांच्या गालावर जोरात चापट मारली. "काका! श्वास घ्या! आत घ्या श्वास!" त्यांनी घेतला.

"दिसत नाई," ते एकदाच स्पष्ट बोलले. "बाई, दिसत नाई काई."

"मी हावो न," ती म्हणाली. रडायचं नाही असं तिनं ठरवलं होतं, पण पाणी त्यांच्या कपाळावर पडत होतं.

यवतमाळच्या दवाखान्यात स्ट्रेचर आत गेलं आणि दार बंद झालं. कॉरिडॉरमध्ये तीच हिरवी भिंत होती. अंजू तिथं जाऊन उभी राहिली तेव्हा तिला कळलं की आपण बरोब्बर चार वर्षांपूर्वीच्याच जागी उभ्या आहोत. मग ती तिथंच खाली बसली. संध्याकाळी हरिसिंग बसनं आला, लोहाऱ्याहून शामही आला. तो बहिणीच्या शेजारी भिंतीला टेकून बसला आणि दार उघडलं की तिच्याआधी तो उठायचा.

रात्रभर इंजेक्शनं चालली. सकाळी डॉक्टरबाई बाहेर आल्या. म्हणाल्या, "अजून दहा मिनिटं उशीर झाला असता तर मी तुमच्याशी वेगळं बोलले असते. कुणी ओळखलं?"

अक्षयनं अंजूकडे बोट केलं. मान वर केली नाही.

किसनराव बारा दिवस दवाखान्यात होते. आठव्या दिवशी ते बसायला लागले तेव्हा त्यांनी अक्षयला तो शॉट दाखवायला सांगितला. अक्षय म्हणाला, नको सर, मी तो काढून टाकणार आहे. "आधी दाखव," ते म्हणाले. अक्षयनं लॅपटॉप पलंगावर ठेवला. किसनरावांनी अंजूलाही जवळ बोलावलं. तिला बघायचं नव्हतं. तरी तिनं बघितलं.

पडद्यावर ओला सदरा आला, पंप आला, कपाशी हलली. बस. इतकंच.

"पाह्य," किसनराव म्हणाले. "मी मरून राह्यलो, अन् दिसते काय? गठुडं पडलं असं दिसते." त्यांनी लॅपटॉप अंजूकडे वळवला. "अंजू, तुले का वाटते?"

"काईच दिसत नाई, काका," ती खरं तेच बोलली. "आवाज बंद करून पाह्यलं तर मानूस हाये का पोतं, समजत नाई."

"फेक थे," किसनराव अक्षयला म्हणाले. "मी पुन्हा करतो."

कुणालाच ते पटलं नाही. डॉक्टरबाई रागावल्या, मुंबईहून आलेली बायको रागावली, अक्षय हात जोडून म्हणाला की सर, शॉटशिवायही सिनेमा होईल. पण किसनराव ऐकेनात. घरी परत जाऊन खाटेवर पडलो तर मला पंपच दिसत राहील, ते म्हणाले, आता एकदा मीच त्याला घेऊन चालतो.

तीन आठवड्यांनी ते पुन्हा त्याच वावरात आले. अंगावरचं मांस उतरलं होतं. कपाशीची बोंडं फुटायला लागली होती, म्हणून अंजूनं चार बायका घेऊन सकाळभर कॅमेऱ्यात येणाऱ्या झाडांवरची फुटलेली बोंडं वेचून काढली. पंप नवा कोरा आणला होता, काळ्या पट्ट्यांचा. अंजूनं तो हापशीवर स्वतः तीनदा धुतला. पाणी स्वतः भरलं. फवारा स्वतःच्या तळहातावर मारला, हुंगला, जिभेला लावला. अतुल लांब उभा राहून बघत होता. जवळ येत नव्हता.

इतकं करूनही किसनरावांच्या पाठीवर पंप चढवताना तिनं झाकण पुन्हा एकदा आवळलं. किसनरावही मान वळवून झाकणाकडेच बघत होते.

"भेव वाटून राह्यलं," ते हळूच म्हणाले.

"मले बी. नका करू, काका. अजूनही कोनी काई म्हनत नाई."

"तू कुठं बसशीन?"

"थ्या झाडामांगं."

"समोर बस. मले दिसशीन अशी."

अक्षयनं ॲक्शन म्हणताना आवाज खाली ठेवला. किसनराव ओळीतून निघाले. अंजूनं बावीस मोजायला सुरुवात केली. त्यांचे डोळे बारीक झाले. तोंड पुसलं. पुन्हा पुसलं. हे काम आहे, हे काम आहे, ती मनात म्हणत होती, आणि तिचा त्यावर विश्वास बसत नव्हता. बाविसाव्या पावलाला ते थांबले.

पण पडले नाहीत. गुडघा वाकत असतानाच त्यांनी खांद्यावरचा पट्टा सोडवला. बोटं ऐकत नव्हती. एकदा सुटला नाही, दुसऱ्यांदा सुटला. पंप त्यांनी पाठीवरून उतरवला आणि झाडाच्या बुंध्याशी नीट उभा केला. तो कलंडायला लागला तसा पुन्हा सरळ केला. झाकण चाचपून पाहिलं. आणि मग, त्याच्यावर पडू नये म्हणून थोडं सरकून, ते आडवे झाले. ऊन त्यांच्या चेहऱ्यावर होतं. तोंड उघडं. डोळे कुठंच न बघणारे.

हे कुणी ठरवलं नव्हतं. अंजूनं शिकवलं नव्हतं. अक्षयच्या तोंडून कट निघेना. निघाला तेव्हा तो रडत होता.

अंजू हलली नाही. तिला वाटत होतं, उठायला गेले आणि ते उठलेच नाहीत तर? तिनं त्यांच्या छातीकडे बघितलं. मोजलं. चारला पापणी हलली, आणि किसनरावांनी मान वळवून तिच्याकडे पाहिलं. मग ती धावत गेली आणि त्यांच्याजवळ मातीत बसकण मारली. बराच वेळ तिला रडूच आवरेना. ते तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिले.

"पंप कायले उतरवला?" शेवटी नाक पुसत तिनं विचारलं.

"त्या दिवशी पडलो न," ते म्हणाले, "तवा पोरं, बायको, देव, कोनी ध्यानात नाई आलं. एकच इचार आला. पंप दुसऱ्याचा हाये, फुटला तर थो का म्हनन. उतरवाचा होता मले. हातच उचलले नाई."

अंजू त्यांच्याकडे बघत राहिली. अपेक्षा पाण्याची बाटली घेऊन येत होती. किसनरावांनी कोपरावर टेकून उठायचा प्रयत्न केला, दम लागला, पुन्हा आडवे झाले.

"काय पाहून राह्यली?" ते म्हणाले. "लिहून घे. पंप उजव्या अंगाले, झाकन बंद, पट्टा खाली लोंबते. उद्या क्लोजप हाये."

तिनं पॅड उचललं आणि लिहायला लागली. अक्षरं वेडीवाकडी येत होती.